माज्यानं नाय वाचवली

ज्या सभेत अध्यक्ष रडले, त्या सभेला वर्तमानपत्राचा माणूस म्हणून मी एकटाच हजर होतो. त्या दुपारी काय घडलं हे बाहेरच्यांना कळलं ते माझ्या बातमीतून. बातमी अठरा ओळींची होती. तिच्यातली एक ओळ चुकीची होती, आणि ती आजवर दुरुस्त झालेली नाही.

पनवेलला तेव्हा रेल्वे आली नव्हती. मुंबईच्या एका दैनिकात सात वर्षं उपसंपादकाचं काम करून मी गावी परतलो होतो आणि त्याच दैनिकाला इथल्या बातम्या पाठवत होतो. मजकूर लिहायचा, पाकिटात घालायचा आणि एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायचा. संध्याकाळी तो मुंबईत टेबलावर पडलेला असे. बातम्या साध्या असत: भाताचा भाव, घाटातला अपघात, मिठागरातला संप, बोर्डाची सभा.

बोर्ड म्हणजे इथली एक स्थानिक संस्था. तिचं लांबलचक नाव कुणी घेत नसे. तिचे त्या वेळचे अध्यक्ष खाडीकाठच्या गावचे होते. घरची थोडी भातशेती, वडील मिठागरावर कामाला. त्यांच्या आधी त्या खुर्चीत बसलेले सगळे शहरातले, वकील नाहीतर व्यापारी. यांचं शिक्षण मराठी सातवीपर्यंत. सभेत ते छापील मराठी बोलत. ‘सदरहू ठराव’, ‘उपरोक्त बाब’ असे शब्द त्यांनी शिकून घेतले होते आणि ते सावकाश, ठसठशीत उच्चारत. सभा आटोपून जिना उतरले की खाली गावची माणसं थांबलेली असत. तिथं लगेच ‘काय रं, बरा हाय ना?’ सुरू होई. जिन्याच्या वरची भाषा आणि जिन्याखालची भाषा यांची गल्लत त्यांनी कधी होऊ दिली नव्हती. शहरातले काही सभासद ती व्हावी म्हणून टपून असत.

खाडीपलीकडच्या एका गावाला पनवेलचा बाजार होडीनं करावा लागे. होडी भरतीला यायची आणि पाणी उतरायच्या आत परत निघायची. आमच्या बाजूच्या धक्क्याच्या खालच्या पायऱ्या ढासळलेल्या होत्या. त्यामुळे ओहोटी लागली की होडी चिखलापलीकडे लांब उभी राही, आणि बायका डोक्यावर पाट्या घेऊन फळीवरून एकेक करून चढत. त्यात वेळ जाई. पायऱ्या बांधण्याचा विषय बोर्डापुढे दोनदा आला होता. दोन्ही वेळा ‘पुढील सभेपुढे ठेवावा’ असा शेरा पडला आणि त्याखाली अध्यक्षांची सही झाली. दोन्ही सभांना मी होतो. दोन्ही बातम्यांत मी हा विषय घेतला नव्हता, जागा नव्हती.

हिवाळ्यातल्या एका बाजाराच्या दिवशी होडीत चढायला असाच उशीर झाला. पाणी भराभर उतरत होतं. पुढची खेप मिळायची नाही म्हणून दोन खेपांची माणसं एका खेपेत बसली. दिवस मावळायच्या सुमाराला, पलीकडचा काठ दिसत असताना, होडी कलली. अकरा माणसं बुडाली. त्यांतल्या नऊ बायका होत्या.

चौथ्या दिवशी बोर्डाची सभा होती. पहिला विषय दुखवट्याचा ठराव. सगळे सभासद उभे राहिले. हेडक्लार्कनं अध्यक्षांच्या हातात एक फुलस्केप कागद दिला. त्यावर अकरा नावं क्रमानं लिहिलेली होती. अध्यक्षांनी चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली. नाव, नवऱ्याचं नाहीतर बापाचं नाव, आडनाव, गाव. आवाज नेहमीचा होता. मी पेन्सिलीनं नावं उतरवून घेत होतो. सात नावं झाली. आठवं आलं नाही.

मी मान वर केली. ते कागदाकडे पाहत होते. त्यांनी चष्मा काढला. तो टेबलावर ठेवायला गेले तो कडेवरून खाली पडला. कुणी उचलला नाही. मग त्यांच्या तोंडून शब्द आले ते जिन्याखालचे होते.

“माज्यानं... नाय वाचवली.”

ते खुर्चीत बसले आणि रडले. डोळे पाणावणं, कंठ दाटणं असे शब्द आम्ही सभांच्या बातम्यांत वापरतो. हे तसं नव्हतं. ते मोठ्यानं, हुंदके देत रडले. सभासद उभेच होते. ठराव उभ्यानं मंजूर करायचा असतो, तेव्हा बसावं की नाही हे कुणाला कळेना. हेडक्लार्कनं पुढे होऊन कागद घेतला, उरलेली चार नावं वाचली आणि ठराव पुरा केला. सभा तहकूब झाली. जिना उतरताना विरोधी बाजूचे एक वकील सभासद शेजाऱ्याला म्हणाले, “चष्मा उचला रे कुणीतरी. बोर्डाची नजर गेली.”

एस.टी. सुटायला थोडा वेळ होता. मी स्टँडवर उभ्यानंच बातमी लिहिली. वहीत त्यांचं वाक्य जसंच्या तसं होतं. दैनिकात गावची बोली छापत नसत, आणि छापली असती तर ती अध्यक्षांची टिंगल वाटली असती. म्हणून मी ते वाक्य शुद्ध केलं: ‘“मी त्यांना वाचवू शकलो नाही,” असे उद्गार काढून अध्यक्ष ढसढसा रडले.’ मुंबईच्या टेबलानं, म्हणजे तिथल्या उपसंपादकांनी, त्यातला अवतरणातला भाग उचलून मथळा केला.

स्टँडजवळच्या हॉटेलात सकाळी पेपर मोठ्यानं वाचला जाई. त्या सकाळी तो दोनदा वाचला गेला.

“रडायचा भत्ता मिळतो वाटतं बोर्डात.”

“मिळत असेल. प्रवासभत्ता, तसा अश्रुभत्ता.”

“हसा. पण माणसानं कबूल तर केलं ना? तुमच्या वकीलसाहेबांनी जन्मात काही कबूल केलंय?”

“कबूल केलं, तेच म्हणतोय मी. स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. आता उतरा म्हणावं खाली.”

“आणि रडायचं तर घरी जाऊन रडावं. खुर्चीत बसून काय बाईसारखं?”

कोपऱ्यात बसलेला सुक्या मासळीचा व्यापारी मुसलमान होता, आणि त्याचा या वादात कुणाशीच हिशेब नव्हता. तो म्हणाला, “अहो, दिल आहे म्हणून रडला. पत्थर असता तर त्याच्या पायऱ्या नसत्या का केल्या?”

यावर दोन्ही बाजू हसल्या. हॉटेलवाला ओरडला, “चहा गार होतोय. रडा नाहीतर हसा, पण कप मोकळे करा.”

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. न्हाव्याच्या दुकानात, मामलेदार कचेरीच्या ओसरीवर, भाताच्या गिरणीत, जिथं जावं तिथं अध्यक्षांचं रडणं. एका निवृत्त हेडमास्तरांनी दैनिकाला पत्र लिहिलं की लोकप्रतिनिधीनं पदावर असताना मन आवरावं, नाहीतर रयतेनं कुणाकडे पाहावं. मुंबईच्या एका गिरणीतल्या, मूळच्या खाडीकाठच्या कामगारांनी बोर्डाला कार्ड पाठवलं की बातमी वाचून आमच्या चाळीतल्या बायका रडल्या. आणि टपालानं रुमाल येऊ लागले. पहिला पांढरा होता, घडी करून पाकिटात घातलेला, पाठवणाऱ्याचं नाव नाही. मग आणखी दोन आले. हेडक्लार्क नियमाचा पक्का. कचेरीत येणारी प्रत्येक वस्तू आवक वहीत चढवायची हा नियम होता, म्हणून त्यानं चढवली: ‘रुमाल, पांढरा, नग एक.’ पुढे शेऱ्याच्या रकान्यात त्याला काय लिहावं ते सुचलं नाही. तो रकाना कोरा राहिला.

वकील सभासदांनी अविश्वासाच्या ठरावाची नोटीस दिली. नोटिशीत त्यांनी माझी बातमी शब्दशः उतरवली होती. अध्यक्षांनी भर सभेत स्वतःची हयगय मान्य केली असल्याने त्यांना पदावर राहण्याचा अधिकार नाही, असा मसुदा होता. दुर्घटनेच्या चौकशीसाठी बाहेरून एक सरकारी अधिकारी येणार होते. तेही त्याच आठवड्यात. सभासदांची बेरीज जवळजवळ बरोबरीची होती. दोन-तीन माणसं कुंपणावर होती आणि ती त्या एका वाक्याकडे बोट दाखवत होती.

बातमी छापून आल्यानंतर तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कनं मला बोलावून घेतलं. माझ्यापेक्षा वयानं बराच मोठा, शब्दाला शब्द जोखणारा माणूस.

“बसा, पेपरवाले. मराठी कुठल्या शाळेत शिकलात?”

“का हो?”

“सभेत साहेब काय म्हणाले, ते वहीत आहे ना? वाचा.”

मी वही उघडून वाचलं.

“काय वाचवली नाहीत?”

“माणसं.”

“हातात काय होतं त्यांच्या?”

“कागद.”

“आणि कागदावर?”

मी वहीचं आधीचं पान उलटलं.

“नावं होती, नावं! ती वाचवेनात म्हणून त्यांनी कागद खाली केला, आणि मी पुढची वाचली. तुम्ही मधेच बुडालेली माणसं कुठून आणलीत?”

बघवत नाही, ऐकवत नाही, तसंच वाचवत नाही. एखाद्याला मुलाचं पत्र वाचवत नाही, कुणाला मृत्युपत्र वाचवत नाही. आणि बुडत्याला वाचवतात तेही वाचवणंच. नावं वाचवली नाहीत, माणसं वाचवली नाहीत: लिंग तेच, वचन तेच, क्रियापदाचं रूप तेच. तरीही ‘माज्यानं’ हा शब्द वाक्याच्या तोंडाशीच होता आणि तो पहिल्या, वाचण्याच्या अर्थाकडे बोट दाखवत होता. सात वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या असल्या चुका मी काढल्या होत्या. माझ्या वहीतल्या वाक्याला कर्म नव्हतं. ते मी पुरवलं. ‘त्यांना’ हा शब्द अध्यक्षांचा नव्हता, माझा होता.

तिथंच बसून मी चार ओळींचा खुलासा लिहिला. हेडक्लार्कनं तो दोनदा वाचला आणि त्याचा चेहरा उजळला. “हा छापून आला की कबुली गेली. कबुली गेली की वकीलसाहेबांच्या ठरावात उरतं काय? पण आधी साहेबांना दाखवा. पुन्हा घोटाळा नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुलासा खिशात घालून अध्यक्षांच्या खोलीत गेलो. ते टपालावर सह्या करत होते. मी बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात दाराबाहेर एक म्हातारा येऊन उकिडवा बसला. हेडक्लार्क त्याला आत ये म्हणाला, तर त्यानं मान हलवली.

“सुतक हाय. भायेरच बरा.”

अध्यक्ष खुर्चीतून उठले, उंबऱ्यापर्यंत गेले आणि अलीकडच्या बाजूला जमिनीवर बसले. मी भिंतीशी उभा राहिलो.

“दादा, मी पलीकडचा,” म्हातारा म्हणाला. “माजी बायको गेली होडीत.”

“ठाऊक हाय, बाबा.”

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. तिच्या घडीत माझ्या बातमीचं कात्रण होतं. “मना वाचता येत नाय. मिठागरावर मुकादमानं वाचून दावला. मी म्हनलो, परत वाच. त्यानं परत वाचला.” त्यानं कात्रण उलगडलं आणि तसंच पुन्हा मिटलं. “आमची मानसं मरतात, दादा. कदी खाडीत, कदी मिठात. सायेब येतो, लिवून नेतो. आमच्या बायकांसाटी कोनी खुर्चीवाला रडला नाय आजपातूर. तुमी रडलात.”

अध्यक्ष त्या कात्रणाकडे पाहत होते.

“लोक म्हनतात तुमाला काडनार. काडू द्या नायतर ऱ्हाऊ द्या. पन आमच्याकडं कोनी तुमाला वाईट नाय बोलत, यवडा सांगाया आलो.”

“च्या घेशील?”

“दहावा झाल्यावर.”

तो उठला, कात्रण टोपीच्या घडीत घातलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि जिना उतरला. पायऱ्यांवर त्याची काठी वाजत होती. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत अध्यक्ष जमिनीवरच बसून होते.

मग मी खुलासा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला. चष्म्याची एक काच तडकलेली होती.

“हेडक्लार्कनं सांगितलं?”

“हो. चूक माझी आहे. उद्याच्या अंकात येईल.”

“कागदावरचं आठवं नाव कुणाचं होतं, माहीत आहे तुम्हाला?”

मी वहीत पाहून नाव सांगितलं. पलीकडच्या गावची एक बाई, नवरा मिठागरावर. मला त्यापलीकडे काही माहीत नव्हतं.

“हे तिचं सासरचं नाव,” ते म्हणाले. आणि मग जिन्याखालच्या भाषेत बोलू लागले. माझ्याशी ते तसं त्याआधी कधी बोलले नव्हते. “मी जन्मलो आन आई गेली. शेजारच्या बाईला दोन म्हयन्यांची पोर होती. त्या बाईनं एका अंगाला पोरीला घेतली, दुसऱ्या अंगाला मना. ती ही पोर. दर भाऊबीजेला मना ओवाळायची. ना नात्याची, ना गोत्याची. त्यो म्हातारा सुतक धरून भायेर बसला. मना सुतकबी नाय.”

त्यांनी पायानं टेबलाखालची एक पिशवी पुढे सरकवली. तिच्यात वालाच्या शेंगा होत्या, वाळून काळपट पडलेल्या. “बाजाराच्या दिशी हितं दिऊन गेली. जरा बस म्हनलो, तर म्हने पानी उतरतंय.”

मी खुलाशाकडे पाहत होतो. त्यात ‘आठव्या नावापाशी थांबून’ असे शब्द मी अचूकपणासाठी घातले होते.

“त्या म्हाताऱ्याच्या बायकोचं नाव कितवं होतं?” त्यांनी विचारलं.

मी वही पाहिली. “तिसरं.”

“मी वाचला ना तो? आवाज हलला का माजा?”

“नाही.”

“दुसऱ्या नावाला हलला? पाचव्याला?”

“नाही.”

“मंग हे छापा. आन खाली जाऊन त्याला सांगा, का अध्यक्षानं तुजी बायको कोरड्या डोळ्यानं वाचली, आन सोताची बहीन आली तवा रडला.”

मी म्हणालो की आठवा आकडा गाळता येईल. ते म्हणाले की आकडा गाळला तरी नावं वाचवेनात एवढं छापलं की लोक विचारतील, कुठल्या नावाला थांबले. आणि सभेला चपराश्यापासून सगळे होते, कुणीतरी आठवून सांगेल. हे खरं होतं. मग मी म्हणालो, “पण त्या वाक्यावर तुमचं पद जाईल.”

त्यांनी खुलाशाची घडी केली आणि मला परत दिली. “पायऱ्यांच्या ठरावाखाली सही कोनाची हाय? दोन टायमाला?” मग ते पुन्हा छापील मराठीत म्हणाले, “तुम्ही लिहिलंत ते खोटं आहे, असं मी अजून कुठे म्हटलेलं नाही. तुम्हीही म्हणू नका.”

खुलासा छापला नाही. एखादी चूक कळल्यावर ती दुरुस्त करायची की नाही हे कुणाच्या इच्छेवर सोडायचं नसतं, असं मी टेबलावर असताना नव्या माणसांना सांगत आलो होतो. तो कागद माझ्या वहीत राहिला. हेडक्लार्कला मी कारण सांगितलं नाही. त्यानं पुढचे काही महिने माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं.

चौकशी बोर्डाच्याच हॉलमध्ये झाली. अधिकाऱ्यांसमोरच्या कागदांत माझ्या बातमीचं कात्रण टाचलेलं होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं आणि विचारलं, “हे उद्गार आपले आहेत?”

अध्यक्ष उभे होते. “होय. सदरहू विधान माझंच आहे.”

“त्याचा अर्थ काय घ्यायचा?”

“जो लिहिला आहे तोच.”

हेडक्लार्क कोपऱ्यात टिपणं घेत होता. त्यानं लेखणी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी वहीत लिहीत राहिलो.

अविश्वासाच्या ठरावाची वेळ आली नाही. अध्यक्षांनी आदल्या दिवशीच राजीनामा दिला. हॉटेलात त्यावरही दोन मतं पडली. एक, की पडणार हे कळलं म्हणून पळाला. दुसरं, की शब्दाला जागला. वकील सभासद अध्यक्ष झाले. त्यांच्याविषयी लिहायला हवं की त्यांनी पायऱ्यांचं काम पहिल्याच सभेत मंजूर केलं आणि पावसाळ्याआधी पुरं करून घेतलं. तो विषय पुढच्या सभेवर टाकायची कुणाची छाती नव्हती. एका माणसानं त्यापायी खुर्ची सोडलेली सगळ्यांनी पाहिली होती.

नव्या धक्क्याच्या तोंडाशी एक दगड बसवला आणि त्यावर अकरा नावं कोरली. उद्घाटनाला बरीच गर्दी झाली. पलीकडच्या गावची माणसं होडीनं आली आणि नव्या पायऱ्यांवर पाय ठेवून वर चढली. वकीलसाहेबांनी भाषण केलं आणि शेवटी, मोठेपणानं की कशानं ते सांगता येणार नाही, माजी अध्यक्षांना पुढे येऊन नावं वाचण्याची विनंती केली. गर्दी एकदम पुढे सरकली. मागची माणसं टाचा उंचावून उभी राहिली. माझ्या पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं, “रुमाल काढा.” दोघं-तिघं हसले.

ते दगडासमोर उभे राहिले. चष्म्याची काच बदललेली होती. कोट नव्हता, गावच्या माणसांसारखा सदरा आणि टोपी. त्यांनी पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. घाई नाही, थांबणं नाही. माझ्या हातात वही होती आणि मी जुन्या यादीवर बोट फिरवत होतो. सातवं झालं. आठवं आलं, आणि ते माझ्या यादीत नव्हतं. नाव दुसरं, नवऱ्याच्या नावाच्या जागी बापाचं, आडनाव दुसरं. गावही अलीकडचं, त्यांचंच. लग्नाआधी तिला ज्या नावानं हाक मारत असतील ते. आवाज तोच राहिला. मग नववं, दहावं, अकरावं. त्यांनी दगडाला हात जोडले आणि ते गर्दीत मागे गेले.

“अरे, आज रडला नाही की!”

“तेव्हा खुर्ची होती. आता कुणाला दाखवायला रडायचं?”

“म्हणजे नाटकच होतं म्हणायचं.”

म्हातारा माझ्या शेजारी उभा होता. टोपीच्या घडीत कात्रण अजून असेल-नसेल, मी विचारलं नाही. त्याला वाचता येत नव्हतं, पण अकरा नावं त्याला पाठ होती. वाचली जात असताना तो ओठ हलवत होता.

“आठवा चुकला त्यो,” तो मला म्हणाला. त्याचा स्वर तक्रारीचा नव्हता. “डोळे गेले असतील. रडून रडून जातात.”

पलीकडच्या गावात ती सासरच्या नावानं राहिली आणि त्याच नावानं गेली. तिचं दुसरं एक नाव होतं हे तिथं कुणी ध्यानात ठेवायचं कारण नव्हतं. मी म्हाताऱ्याला काही सांगितलं नाही.

पाणी उतरू लागलं तशी पलीकडची माणसं निघाली. बायका पायऱ्यांवरून खालपर्यंत गेल्या आणि सरळ होडीत बसल्या. मी स्टँडवर येऊन बातमी लिहिली. ‘माजी अध्यक्षांनी नावे वाचली’ असं एक वाक्य तिच्यात होतं. किती वाचली, अकरा की दहा, ते मी लिहिलं नाही. कंडक्टरच्या हातात पाकीट दिलं आणि गाडी सुटली.